दोन सूत सैल

आमचे हे शिंपी. आतड्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी पोटावर डावीकडे नवी वाट काढली आणि तिच्यावर पिशवी चिकटवून दिली. आता संडास त्या पिशवीत. यांनी पिशवीचं नाव ठेवलं 'साहेब', कारण साहेब कधी आवाज करतील याचा नेम नाही आणि केला की सगळ्यांनी न ऐकल्यासारखं करायचं.

आवाजाचं ठीक होतं हो, पण साहेब गळायचे. रोज चादर, रोज लेंगा, पोटाची कातडी तर सोलून निघालेली. गिऱ्हाइकाच्या अंगावर गळलं तर, या धसक्यानं यांनी दुकान बंद केलं, विकायलाही काढलं आणि दिवसभर घरात बसून माझ्या केर काढण्यातल्या चुका काढू लागले. पिशवीची मला कधी किळस आली नाही. पण दुकान गेलं तर हा माणूस खाटेवरच संपणार, हे मला दिसत होतं.

शेवटी हाताला धरून यांना दवाखान्यातल्या नर्सबाईंकडे नेलं. "रोज करता तसं माझ्यासमोर करा," त्या म्हणाल्या. पिशवीच्या चिकटपट्टीला आपापल्या मापाचं भोक कापावं लागतं. यांनी घरची कात्री काढली आणि झोकात गोल कापलं.

"काका, भोक एवढं मोठं का?"

"दोन सूत, म्हणजे पाव इंच, सैल ठेवलंय. गळा काचायला नको."

"कुणाचा गळा?"

यांनी पोटाकडे बोट दाखवलं. मी हसून हसून खुर्चीतून पडायची बाकी होते. भोकाभोवती उघड्या राहिलेल्या कातडीवर घाण गेल्यावर पट्टी सुटणार नाही तर काय होणार? जन्मभर लोकांचे गळे सैल कापले, तीच खोड जिवावर उठली. नर्सबाईंनी अगदी बेताचं, केसभर सैल कापायला शिकवलं आणि साहेब गळायचे थांबले.

तरी दुकान घेणारा माणूस ठरल्याप्रमाणे दुकानावर आलाच. कुठलं कपाट काढायचं, भिंतीला कुठला रंग द्यायचा, ते आम्हालाच सांगायला लागला. यांचं लक्ष त्याच्या शर्टाकडे.

"हा खांदा कुणी बिघडवला?" म्हणत यांनी टेप काढली आणि त्याला सरळ उभं केलं. तेवढ्यात साहेबांनी भर दुकानात सणसणीत आवाज केला. मी डोळे मिटून घेतले.

"माझं पोट आहे ते," हे म्हणाले. "तुम्ही हलू नका, माप चुकतं."

मला रडू फुटलं. कुणाला कळू नये म्हणून मी मशीनवर बसून रिकामंच पायडल मारायला लागले.

"मग दुकानाचं काय ठरलं?" त्या माणसानं विचारलं.

"शर्ट शुक्रवारी घेऊन जा," हे म्हणाले.