पाहुण्यांसाठी राखलेल्या खुर्च्या

आमच्या चर्चमध्ये देवाखालोखाल अधिकार कुलूपकाकांचा. पाळकसाहेबांचा नंबर तिसरा, आणि तोही काकांनी वेळेवर दार उघडलं तरच.

काका जन्मभर एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. चिठ्ठीशिवाय त्यांनी कुणाला खिळा दिला नाही, आणि चिठ्ठी आणली तरी आधी जुना खिळा परत मागितला. ते निवृत्त होताच चर्चच्या कमिटीने सगळी मालमत्ता त्यांच्या ताब्यात दिली. इतका प्रामाणिक माणूस दुसरा कुठे मिळणार? त्या कमिटीत हिशेब तपासायला मी आजही आहे, तेव्हा पुढचं सगळं डोळ्यांदेखतचं.

तेव्हापासून आमच्या एकाही वस्तूवर ओरखडा उठलेला नाही. उठणार कसा? नवा माईक कपाटात, कपाट सामानाच्या खोलीत, खोलीला कुलूप आणि किल्ल्यांचा जुडगा काकांच्या कमरेला. पाळकसाहेब घसा फोडून उपदेश करतात. गायकमंडळींच्या सरावाला ऑर्गन बंद, कारण काकांच्या मते सरावात चुकीच्या पट्ट्या फार दाबल्या जातात.

पण काकांचा खरा जीव गादीच्या खुर्च्यांवर. एका कुटुंबाने वडिलांच्या आठवणीत त्या दिल्या होत्या. आल्या तशा प्लास्टिकसकट त्या खोलीत गेल्या, मोठ्या पाहुण्यांसाठी. एकदा बिशपसाहेब खरंच आले. नेमका त्या दिवशी बाहेर चिखल होता, म्हणून खुर्च्या निघाल्या नाहीत. बिशपसाहेब लाकडी बाकावर बसले आणि जाताना चर्च नीटनेटकं ठेवल्याबद्दल शाबासकी देऊन गेले. काका ती शाबासकी अजून सांगतात.

धन्याने सोपवलेला ऐवज न वापरता जमिनीत पुरून ठेवणाऱ्या आणि त्यासाठी धन्याची बोलणी खाणाऱ्या चाकराच्या बायबलातल्या दाखल्यावर पाळकसाहेबांनी एका रविवारी मुद्दाम उपदेश केला. सगळी मंडळी काकांकडे बघत होती. काका मान डोलावत होते. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "त्या चाकराचं चुकलं काय, सांगा बरं. माल पूर्ण परत, तूट नाही. त्या धन्यालाच स्टोअरमधलं काही कळत नव्हतं."



मग काकूंच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी कडक बाकावर बसायला सक्त मनाई केली. तरुणपणापासून पुढून दुसऱ्या बाकावर बसणाऱ्या काकू रविवारी घरी राहू लागल्या. चर्चच्या मागेच त्यांचं घर. खिडकीतून गाणी ऐकू यायची, शब्द कळायचे नाहीत.

"अहो, आतली एक खुर्ची द्या ना मला," काकूंनी विचारलं.

"अगं, त्या चर्चच्या आहेत."

"मग मी कुणाची आहे?"

"अर्ज दे. कमिटीपुढे ठेवतो."

काकूंनी अर्ज दिला. काकांनी तो कमिटीपुढे ठेवला आणि स्वतःच विरोध केला. घरच्या माणसाला आधी दिलं तर लोक काय म्हणतील? कमिटीने त्यांच्या निःस्पृहपणाचं कौतुक केलं आणि विषय पुढच्या बैठकीवर ढकलला.

पुढच्या रविवारी पहिलं गाणं संपता संपता दार उघडलं. पुढे काठी टेकत काकू, मागे त्यांची सून. सुनेच्या हातात घरची गादीची खुर्ची, जिच्यावर बसून काका सकाळचा चहा घेत. सुनेने ती दुसऱ्या बाकाशेजारी ठेवली. काकू बसल्या.

काका लगबगीने आले. "बाहेरची वस्तू आत आणायची तर नोंद लागते!"

"मग करा की. वस्तू खुर्ची, मालक तुम्ही," काकू म्हणाल्या.

मंडळीत खसखस पिकली. पाळकसाहेब व्यासपीठावरूनच म्हणाले, "काका, तुमची खुर्ची घरी जाऊ दे. आतली एक आणा. आम्ही थांबतो."

सगळी मंडळी बघत असताना नाही म्हणणं काकांनाही जमलं नाही. ते गेले. कुलुपं उघडल्याचे आवाज एकामागून एक आले. मग बराच वेळ काहीच नाही. शेवटी काका खुर्ची घेऊन आले. प्लास्टिक वरून नव्यासारखं चकचकीत होतं. खालून ते कुरतडलेलं होतं, गादीला भगदाड पडलं होतं आणि त्यातून कापूस लोंबत होता.

"सगळ्याच अशा," काका पुटपुटले.

काकूंनी वाकून भगदाड पाहिलं. "उंदरांनी चिठ्ठी दिली होती वाटतं?"

या वेळी पाळकसाहेबही हसले. काका मात्र हसले नाहीत. ती फाटकी खुर्ची त्यांनी काकूंशेजारी मांडली आणि उपासना संपेपर्यंत ते स्वतः तिच्यात रुतून बसले. काकूंना घरच्या खुर्चीवरून कुणी उठवलं नाही.

त्याच आठवड्यात गादीवाला आला. पहिली खुर्ची दुरुस्त झाली, ती काकांनी स्वतः उचलून दुसऱ्या बाकाशेजारी ठेवली. रविवारी काकू तिच्यावर बसल्या, जरा मागे रेलल्या.

"बरी आहे. बाकीच्या?"

"होताहेत. झाली की बाहेर काढतो."

"तुम्ही?" काकूंनी हात पुढे केला.

काकांनी बराच वेळ जुडगा चाचपला. मग सामानाच्या खोलीची किल्ली सोडवून त्यांच्या तळहातावर ठेवली.

"सही कुठे करू?" काकूंनी विचारलं. अर्थात थट्टेने.

काकांनी खिशातून पेन काढलं.