मावशीची मिश्रीची डबी

मंडळी, माझ्या भटकेपणाचा आज पहिल्यांदा कुणाला तरी उपयोग झाला.

मावशीला नगरहून एसटीनं पुणतांब्याला घरी पोचवायचं होतं. वाटेत एका मांडवातून पेटी ऐकू आली आणि मी तिला घेऊन आत शिरलो. कॅन्सर वेळेत ओळखायची सोय व्हावी म्हणून निधी गोळा करायला गाण्यांचा कार्यक्रम ठेवला होता. एसटी चुकली. "तुझ्या नादी लागलं की असंच हुतं," मावशी म्हणाली, पण गाणं सोडून हलली नाही.

मध्यंतरात तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, मिश्री-तंबाखू लावणाऱ्यांनी तोंड दाखवून जा. मी मावशीला उठवलं. "थांब, आधी तोंड साफ करते," म्हणून ती कोपऱ्यात जाऊन मिश्रीच घासून आली.

डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. "मावशी, आत्ताच लावून आलात?"

"मग काय घाण दात दाखवू तुमाला?"

चूळ भरल्यावर गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला. बाई म्हणाल्या, "कॅन्सर वाटत नाही, पण दुर्लक्ष केलं तर होऊ शकतो. सोमवारी या, तुकडा काढून तपासू. मिश्री आजपासून बंद. वेळेवर आलात."

पुढच्या एसटीत मावशीनं मिश्रीची डबी माझ्या हातात दिली. "मागितली तरी देऊ नको."

आत्ता जेवण झाल्यावर मागितली. मी दिली नाही. तिच्या शिव्या खात त्या बाईंचे आणि पेटीवाल्याचे आभार मानतोय.

तुमच्या घरातली डबी कुणाकडं आहे?