दत्ताच्या सिनेमातलं पाणी

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — कुणास ठाऊक. तुम्ही दत्ताला ओळखत नाही, म्हणूनही असेल.

मी तेव्हा औरंगाबादच्या एका दैनिकात भुताखेतांच्या सिनेमांवर लिहायचो. थिएटरात न लागता थेट डीव्हीडीवर येणारे सिनेमे. क्रांती चौकातल्या एका दुकानातून आणायचे आणि त्यांची सालटी काढायची. कौतुक केलं की कुणी विचारत नसे. हाणलं की दिवसभर फोन. मग माणूस काय शिकणार?

दत्ता करमाडकडचा, वाळूजला कारखान्यात कामाला. माझं लिखाण वाचून त्यानंच ओळख काढली. सुट्ट्या साठवून, गावातलीच माणसं घेऊन त्यानं हडळीचा सिनेमा केला. शूटिंगला मला कौतुकानं घेऊन गेला. साल दुष्काळाचं. गावच्या आटलेल्या विहिरीत टँकर रिकामा व्हायचा आणि लोक तिथून पाणी शेंदायचे — रोजचंच ते. दत्तानं पाणी पडताना वरून कॅमेरा धरला, एवढंच. नंतर बायकांनी घागरी भरून नेल्या. त्यातलंच तांब्याभर पाणी मी प्यायलो.

डीव्हीडी आली, ती मी भरदुपारी पाहिली. कोरड्या विहिरीत पाणी चढत जातं, त्यात एक चेहरा दिसतो — आणि काठावर कुणीच नसतं. मी उठून उभा राहिलो. परदेशी राक्षसांना हसणारा मी, चक्क घाबरलो. मग राग आला. नटबोल्ट आवळणाऱ्यानं मला घाबरवावं? हाणायला काही सापडेना. सापडलं ते पाणी.

मी लिहिलं — ‘गावाच्या घशाला कोरड, आणि दिग्दर्शकाची हडळ टँकरभर पाण्यात डुंबतेय.’ एका सीनसाठी अख्खा टँकर विहिरीत ओतला, असं लिहिलं. लिहिताना मला हसू येत होतं, हेही सांगायला हवं.

शहरात नव्या कॉलन्या उभ्या राहत होत्या आणि नळ कोरडे होते. लोक पेटले. दुकानदारानं डीव्हीडी परत केल्या. कारखान्याच्या कँटीनमध्ये कुणीतरी दत्ताच्या हातातला पाण्याचा ग्लास काढून घेतला — “तू कशाला पितो? हडळीला पाज.” खरं काय ते गावाला माहीत होतं. पण गावाला विचारतो कोण?

तो घरी आला तेव्हा वाटलं, आता थोबाडीत बसणार. बसली असती तर बरं झालं असतं का? तो सोफ्याच्या कडेला बसला. म्हणाला, “सर, तुम्ही तर तिथंच व्हते. पाणी बी पिले. पेपरवाल्यानंच तुमचं लिहिणं बदललं असंल, व्हय ना?”

मी म्हणालो, “हो रे. संपादकानं घोळ केला.”

वर त्यानंच माझी समजूत काढली. खुलाशाच्या दोन ओळी लिहा म्हणाला. लिहितो म्हणालो — नाही लिहिल्या. पुढं त्यानं कॅमेरा विकला. पुन्हा सिनेमा केला नाही.

अजून भेटतो कधीमधी. परवा सोबत मुलगी होती. तिला म्हणाला, “पाया पड. ह्या सरांवर पेपरवाल्यांनी लई अन्याय केला.” ती वाकली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

माझ्या मजकुरातला एक शब्दही कुणी बदलला नव्हता.