बेडकाचा कोड

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. अंबरनाथला, मोरिवलीच्या अंगाला असलेल्या एका कारखान्यात मी तीन महिन्यांच्या बोलीवर लागले होते. स्टोअरमधल्या सुट्या भागांची यादी कॉम्प्युटरवर चढवायची, आणि खिडकीवर मागेल त्याला वस्तू झटपट मिळाली तर मला कायम करायचं, असं साहेबांनी सांगितलं होतं. मला कायम व्हायचंच होतं. बाबांचा कारखाना बंद पडल्यापासून आमच्या घरात ‘कायम’ हा शब्द कुणी उच्चारला नव्हता.

उल्हासनगरच्या क्लासमध्ये शिकलेलं सगळं बोटांत नुसतं सळसळत होतं. मुख्य ऑफिसने प्रत्येक वस्तूला आठ आकडी कोड दिला होता आणि मी त्या कोडांच्या प्रेमातच पडले. किती स्वच्छ! उलट स्टोअरकीपर काकांच्या जुन्या कार्डांवर काय, तर बेडूक, चामटोली, नवरदेव. ही काय यादी झाली? मी नाक मुरडलं, कोड आणि मापं उतरवली आणि कार्डं खुशाल रद्दीत टाकली. काका नुसते बघत होते.

चाचणीच्या दिवशी पहिलाच फिटर खिडकीवर आला. "ताई, बेडूक द्या. मशीन उभी हाय."

"कोड सांगा."

"कोड तुमच्या डब्याला इचारा. मला बेडूक पायजे."

डब्याला बेडूक ठाऊक नव्हता. त्याला फक्त क्लँप ठाऊक होते, आणि तेही चाळीस प्रकारचे. मागे रांग वाढली, मला घाम फुटला, साहेब घड्याळ बघत उभे. शेवटी काका उठले आणि थेट चौथ्या मांडणीवरून एक बेडकासारखा बसका लोखंडी क्लँप काढून त्यांनी फिटरच्या हातावर ठेवला.

"सगळं यांनीच करायचं, तर तू कशाला?" साहेब मला म्हणाले. राग त्यांचा नाही, स्वतःचाच आला. मी दोन दिवस मागून घेतले आणि काकांसमोर जाऊन उभी राहिले.

"काका, चुकले. नावं सांगा."

"कार्डं का टाकलीस?"

"शहाणपणा नडला."

ते हसले, आणि मी फाईलमध्ये कोडाशेजारी एक नवा रकाना उघडला. काका मांडणीवरून वस्तू उचलत, नाव सांगत, मी माप बघून कोड शोधत असे. चामटोली म्हणजे चामटोली गावच्या टर्नरने लेथवर पहिल्यांदा काढलेली रिंग. नवरदेव म्हणजे पितळी टोपीचा नट. काय मजा येत होती! दुसऱ्या दिवशी दुपारी तर कहरच झाला. एकाच कोडापुढे तीन नावं जमली. तीन खात्यांची नावं तीन, वस्तू एकच! काकांनी तिन्ही खणांतले नग टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, मापून पाहिले आणि ओरडलेच, "अगं, इतकी वर्षं मी तीन खण अडवून बसलोय!" काका ओरडलेले स्टोअरमध्ये कुणी ऐकले नव्हते. आम्ही दोघं पोट धरून हसलो.

तिसऱ्या दिवशी पुन्हा तोच फिटर आला. "ताई, चामटोली."

मी नाव टाईप केलं. कोड, मांडणी, खण, शिल्लक, सगळं हिरव्या अक्षरांत समोर! "आरं, हिला समदं म्हाईत हाय!" तो रांगेकडे वळून म्हणाला. मग काय, जो तो मुद्दाम आपल्या खात्यातलं आडनिडं नाव घेऊन यायला लागला. एकही अडलं नाही. साहेब घड्याळ बघायचं विसरले.

महिनाअखेर त्यांनी मला कायम कामगारांचा पितळी बिल्ला दिला. त्यावर माझं नाव नव्हतं, नुसता चार आकडी नंबर होता. लोकलमधून बदलापूरला उतरून मी घरापर्यंत जवळजवळ पळत गेले. बाबांनी चष्मा लावला, नंबर मोठ्याने वाचला, पुन्हा वाचला, मग आईला हाक मारून तिलाही वाचून दाखवला. इतक्या कौतुकाने त्यांनी माझं नावसुद्धा कधी घेतलं नव्हतं.