समोरचे उलटं वाचतात

कुठलाही कागद हातात आला की ते आधी तो फिरवायचे. स्वतःकडे नाही, समोरच्याकडे. मग टोपण न काढलेलं पेन एकेका ओळीखाली सरकवत स्वतः उलट्या बाजूनं वाचायला लागायचे. लग्नपत्रिका असो, विजेचं बिल असो, नाहीतर हॉटेलातलं मेन्यूकार्ड. मेन्यूकार्ड त्यांनी मला असं वाचून दाखवलं तेव्हा वेटर त्यांच्या पेनमागे मान हलवत राहिला आणि आम्ही न मागितलेला उत्तप्पा घेऊन आला.

असा माणूस तुम्हीही पाहिला असणार. दवाखान्यात तुमचा नंबर लागलेला असतो, आणि इस्त्रीचा शर्ट घातलेला, काळी बॅग धरलेला कुणीतरी "एकच मिनिट" म्हणत तुमच्या आधी आत शिरतो. हे त्यातलेच. मूळचे भंडाऱ्याचे, नोकरीसाठी पुण्यात आले आणि उभा जन्म औषध कंपन्यांचे प्रतिनिधी म्हणून इथले जिने चढले. डॉक्टरांपुढे औषधाचा रंगीत तक्ता धरायचा, तो डॉक्टरांना सुलटा दिसला पाहिजे, म्हणून आपण तो उलटा वाचायचा. डॉक्टर चिठ्ठीवर आपलं औषध लिहितात की दुसऱ्या कंपनीचं, तेही टेबलापलीकडूनच ताडायचं. निवृत्तीनंतर छोट्या औषध कारखानदारांच्या एका संघटनेनं त्यांना बैठकांना पाठवायला सुरुवात केली. म्हणजे आमच्याविरुद्ध बोलायला.

आमची संघटना औषधं स्वस्त व्हावीत म्हणून भांडते. बुधवार पेठेत वायरी आणि स्पीकर विकणाऱ्या एका दुकानाच्या वर आमची खोली आहे. मी तिथं पत्रकं लिहिते. 'लूट', 'डाका', 'टाळूवरचं लोणी' हे शब्द टाईप करताना मला कीबोर्डकडे बघावं लागत नाही. बैठकांमध्ये ते कायम आमच्या समोरच्या बाजूला बसायचे, म्हणून खोलीत त्यांचं नाव पडलं 'समोरचे'.

पहिली गाठ पडली ती नव्या आरोग्य धोरणाच्या बैठकीत. देशभरासाठी मसुदा आला होता. डॉक्टरांनी कंपनीनं दिलेलं नाव न लिहिता औषधाचं मूळ नाव लिहावं, सरकारी दवाखान्यांत औषधं फुकट मिळावीत, आणि सोबतच्या यादीतल्या औषधांच्या किमती निम्म्यावर आणाव्यात. आम्हाला सगळं मान्य होतं, फक्त यादी तोकडी वाटत होती. कारखानदारांना काहीच मान्य नव्हतं. दोन्ही बाजूंच्या सूचना-हरकती ऐकायला एक अधिकारी बसले होते.

मी उभी राहून जीव तोडून बोलले. माणसाच्या दुखण्यावर नफा कमावणाऱ्यांना लाज कशी वाटत नाही, इथपर्यंत पोचले आणि खाली बसले. समोरचे शांतपणे म्हणाले, "भावना पोचल्या. आता मात्रा सांगा."

मला वाटलं, टोमणा आहे. होताच. पण त्यांचं टोपणातलं पेन माझ्यापुढच्या पत्रकावर येऊन टेकलं होतं, नेमकं चौथ्या ओळीखाली. "थायरॉइडची गोळी पन्नास मिलिग्रॅमची, असं लिहिलंय आपण. ती मायक्रोग्रॅममध्ये असते. हजारपट झालं. अर्थात या मात्रेनं औषध स्वस्तच पडेल म्हणा. दुसरी गोळी घ्यायची वेळच येणार नाही."

तीन हजार पत्रकं छापली होती. त्यातली अर्धी त्याच सकाळी खराडीच्या आयटीवाल्यांना गेटवर वाटून झाली होती. ती कुणीही वाचली नसतील, एवढ्या एका विश्वासावर मी पुढचे दोन दिवस काढले.

जिना उतरताना त्यांनी मला गाठलं. "तुम्ही बोलत होता तेव्हा साहेब कागदावर काहीतरी लिहीत होते ना? मी वाचलं."

"काय लिहिलं?"

"चहा, अकरा कप."

"आणि तुम्ही बोललात तेव्हा?"

"बिस्किटं."

दुसऱ्या दिवशी ते आमच्या दारात हजर. दारावर आमची पाटी आहे : 'औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींनी बेल वाजवू नये'. त्यांनी बेल वाजवली. म्हणाले, "पाटी वाचली. कंपनीतून मी केव्हाच निवृत्त झालोय, आज मुद्रितशोधक म्हणून आलोय. उरलेली पत्रकं काढा." खिशात चार पेनं होती. टेबलाच्या पलीकडे खुर्ची ओढून बसले आणि गठ्ठा माझ्याकडे तोंड करून ठेवला. 'मिलि' खोडून 'मायक्रो' लिहायला लागले, तेही उलट्या बाजूनं. माझ्याकडून पाहिलं तर अक्षर छापल्यासारखं. मी सुलट्या बाजूनं लिहीत होते आणि माझं कुणाला लागत नव्हतं.

हात चालू, तोंडही चालू. आमची प्रत्येक मागणी मोठ्यानं वाचायची आणि तिची चिरफाड करायची. "तिसरी मागणी चांगली आहे. होण्यासारखी नाही, पण चांगली आहे." मी म्हटलं, कंपन्या डॉक्टरांना भेटी देतात हे तरी खोटं आहे का? ते म्हणाले, छे, अगदी खरं आहे, उलट तुम्ही फार कमी लिहिलंय. एका डॉक्टरांना त्यांनी कंपनीच्या खर्चानं सहकुटुंब परदेशी पाठवलं होतं आणि ते परत येईपर्यंत त्यांचा कुत्रा यांनी सांभाळला होता. "कुत्रा शहाणा होता. माझं सगळं बोलणं ऐकून घ्यायचा. मध्ये 'लवकर आटपा' म्हणायचा नाही."

"मग तुम्ही आमच्याच बाजूला या की."

"नाही. तुम्हाला औषध स्वस्त पाहिजे. मला ते दुकानात पाहिजे. दर वेळी या दोन गोष्टी एकच असतात असं तुम्हाला वाटतं. तिथं आपलं पटत नाही."

कंपन्यांची नेहमीची धमकी, मी म्हटलं. किंमत कमी केली तर बनवणारच नाही, असं म्हणत सगळ्यांना वेठीला धरायचं. आम्ही तुमच्या धमक्यांवर अख्खं पत्रक काढलंय, क्रमांक नऊ.

"ते वाचलं," ते म्हणाले. "त्यात 'धमकी'चा ध चुकलाय."

पत्रकं दुरुस्त करायला त्यांना महिना पुरला. एवढी पत्रकं नव्हती, पण ते येत राहिले. आणि त्या महिन्यात त्यांनी जे पाहिलं, ते आमच्या डोळ्यांसमोर तीन वर्षं होतं.

आमचं कार्यालय सुनीताताई सांभाळते. पत्रकांच्या घड्या, टपाल, फोन, सगळं तिच्याकडे. अधूनमधून दोन-दोन दिवस ती बसतच नाही. उभ्यानं घड्या घालते, उभ्यानं फोन घेते, जेवतेही उभ्यानं. आम्हाला त्याचं केवढं कौतुक. आमच्या अध्यक्षांनी वार्षिक सभेत जाहीर सांगितलं होतं की, कार्यकर्ता असावा तर सुनीतासारखा, काम असलं की ती खुर्चीला पाठ लावत नाही. टाळ्या झाल्या होत्या. ती तेव्हाही मागे उभीच होती.

समोरच्यांनी एका दुपारी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं, मग तिच्याकडे. म्हणाले, "सुनीताबाई, आपण परवा बसून काम करत होता. आज उभ्या. गेल्या खेपेलाही सोमवारीच उभ्या होतात, बरोबर तीन आठवड्यांपूर्वी. इंजेक्शन कमरेत घेता का?"

ती लाजली. हो म्हणाली. लहानपणी घसा दुखून ताप आला, सांधे सुजले, मग हृदयाची झडप खराब झाली. तेव्हापासून दर एकवीस दिवसांनी सरकारी दवाखान्यात 'ते तीन आठवड्यांचं' टोचून घ्यायचं. इतकं दुखतं की दोन दिवस बसवत नाही. हल्ली दवाखान्यात ते संपलेलं असतं, बाहेरून आणा म्हणतात. आम्ही विचारलं, इतकी वर्षं सांगितलं का नाहीस? तर म्हणाली, "कुणी विचारलंच नाही."

समोरच्यांनी मसुद्याची यादी काढली, माझ्याकडे फिरवली आणि पेन टेकवलं. क्रमांक सात, बेन्झाथिन पेनिसिलिन. "हेच ते."

औषधाचं मूळ नाव लिहा म्हणून रस्त्यावर उतरणारे आम्ही. आमच्या खोलीतली एक बाई ज्यावर जगते त्या औषधाचं मूळ नाव आम्ही उचलून धरलेल्या यादीत होतं, आणि दोन्ही एकच हे आमच्यातल्या कुणालाही माहीत नव्हतं. त्याची किंमत निम्मी करा असं मी स्वतः ठळक अक्षरांत छापलं होतं.

"ते आत्ताच मिसळीच्या एका प्लेटपेक्षा स्वस्त आहे," ते म्हणाले. "बनवायला किचकट, उरत काही नाही. बनवणारे बोटावर मोजण्याइतके राहिलेत. निम्मं केलंत की तेही थांबतील."

मी चिडले. हीच ती धमकी, म्हटलं, फक्त आता सुनीताताईला पुढे करून. त्यांनी वाद घातला नाही. म्हणाले, एक करा. दुकानात जाऊन मागून या.

मी गेले. स्वारगेटपासून सुरुवात केली आणि पेठांमधून फिरत खोलीवर परत आले. पंधरा दुकानं. कुठेच नाही. एका दुकानदाराला विचारलं, कधी येईल? तो पेपरातून मान वर न काढता म्हणाला, "मी 'नाही' म्हणालो. 'अजून नाही' म्हणालो का?"

परत आल्यावर मी समोरच्यांवरच तोफ डागली. नफा नाही म्हणून लहान मुलांच्या हृदयाचं औषध बनवणं सोडून देता, तुम्हाला माणसं म्हणायचं का? हाच तर आमचा मुद्दा आहे, हे सरकारनं बनवायला पाहिजे.

"तेही लिहा. मी सही करतो. पण कारखाना उभा राहीपर्यंत सुनीताबाईंनी काय करायचं?" मग म्हणाले, "आमची कंपनी पण हे बनवायची. बंद केलं तेव्हा डॉक्टरांना पत्र द्यायला मीच फिरलो. 'काही अपरिहार्य कारणांमुळे' हे शब्द माझे. एका डॉक्टरीणबाईंनी ते पत्र वाचलं, फिरवून माझ्याकडे सुलटं केलं आणि म्हणाल्या, आता तुम्ही वाचा. मला वाचता येईना. सुलटं होतं तरी."

'भावना पोचल्या, आता मात्रा सांगा' हे त्यांचंच वाक्य त्यांना ऐकवावं, असं मला वाटलं नाही.

पुढचे चार दिवस ते आमच्याच फोनवरून जुन्या ओळखीच्या औषध विक्रेत्यांना पकडत होते. कुणी नाही म्हटलं की त्यांच्यातला पुणेकर गळून पडायचा आणि भंडारा बाहेर यायचा. "काहून नाही जी? मागच्या कपाटात पाहा ना." सांगलीच्या एकाच्या मागच्या कपाटात खरंच सहा बाटल्या निघाल्या. त्या एसटीनं आल्या. घ्यायला ते स्वतः स्वारगेटला गेले, स्टीलचा डबा आणि आत कापूस घेऊन, लाडू आणायला निघाल्यासारखे.

सहा बाटल्या म्हणजे अठरा आठवडे. पुढचं सगळं क्रमांक सातवर अवलंबून होतं. ते त्यांच्या संघटनेत बोलले. संघटना म्हणाली, आपण अख्खी यादीच रद्द करा म्हणतोय, एकेका औषधावर बोलून मुद्दा पातळ कशाला करायचा? मी आमच्या सभेत बोलले. आमचे अध्यक्ष म्हणाले, एकही औषध वगळायचं नाही, फूट पडल्यासारखं दिसेल. आम्ही दोघांनी एकमेकांना हे सांगितलं तेव्हा समोरचे म्हणाले, "बघा, कुठल्यातरी गोष्टीवर दोन्ही संघटनांचं एकमत झालं."

पुढच्या बैठकीत संघटनेला न विचारता आपणच बोलायचं असं त्यांनी ठरवलं होतं. पण त्याआधी त्यांच्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला. डावा आधीपासून अधू होता. शस्त्रक्रिया झाली, फारसा उपयोग झाला नाही. मुलगी त्यांना नागपूरला न्यायला आली. निघायच्या आदल्या दिवशी ते खोलीवर आले, तिचा हात धरून. त्यांच्याऐवजी आता क्रमांक सातवर मीच बोलणार होते. भाषण लिहून ठेवलं होतं, ते त्यांच्या हातात दिलं. त्यांनी सवयीनं ते माझ्याकडे फिरवलं, पेन टेकवलं, पहिल्या ओळीखाली सरकवलं. पेन ओळींच्या मधून तिरकं चाललं होतं.

"आपणच वाचा," ते म्हणाले.

मी वाचलं. शेवटपर्यंत ऐकून म्हणाले, लूट हा शब्द पाच वेळा आलाय, तीन पुरेत.

बैठकीत समोरच्या बाजूला एक तरुण लॅपटॉप घेऊन बसला होता. त्यानं यादी रद्द करा म्हणून सांगितलं. मी उठले. म्हटलं, कंपन्यांची लूट थांबलीच पाहिजे, आणि क्रमांक सातची किंमत कमी करू नका. सरकारनं आधी ते ठरलेल्या भावानं खात्रीनं विकत घ्यावं आणि मग स्वतः बनवावं. दर एकवीस दिवसांनी एक इंजेक्शन. चुकलं तर झडप जाते. ही मात्रा आहे. मागून आमच्यातलाच कुणीतरी पुटपुटला, ही कंपनीची झाली. लॅपटॉपवाल्यानं टाळी वाजवली, ते जास्त लागलं.

अधिकारी लिहीत होते. गेले दोन महिने मी हॉटेलात बसून मेन्यूकार्डं उलटी वाचत होते. मान सरळ ठेवली, नजर खाली नेली. 'क्र. ७ : कमी करू नये. सरकारी खरेदी?' प्रश्नचिन्हासकट.

मी बाहेर येऊन नागपूरला फोन लावला. समोरच्यांनी पहिल्याच रिंगला उचलला.

"काय लिहिलं?"

मी सांगितलं.

"त्याच्या खाली?"

"चहा, चौदा कप."

"म्हणजे शुद्धीवर होते." मग त्यांनी विचारलं, "सुनीताबाई आल्यात का? आज बसल्यात की उभ्या? काल एकविसावा दिवस होता."

मी दारातून आत डोकावले. मागच्या ओळीतल्या सगळ्या खुर्च्या रिकाम्या होत्या आणि त्यांच्या मागे, भिंतीला खांदा टेकवून, ती पत्रकांच्या घड्या घालत होती.

"उभी आहे," मी म्हटलं.

"मग झालं," ते म्हणाले.