पुलाच्या पायऱ्या आणि चिन्नोरचा भात

टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार अयशस्वी ठरला, त्यात माझी चूक किती होती? चिन्नोर तांदूळ शिजतानाचा सुवास आला की हा प्रश्न मला आठवतो. गर्भ रुजला नाही असे नागपूरहून कळले, त्या दुपारी आमगावच्या घरी सासूबाई चुलीवर तोच तांदूळ शिजवत होत्या आणि मी शेजारी रडत बसले होते. “आई, गर्भ ठेवल्यावर नागपूरहून परतताना मी स्टेशनचा पूल चढले, म्हणूनच असं झालं,” मी म्हणाले. “येडी झाली का? मी पोटुशी असताना धानाच्या रोवणीत दिवसभर चिखलात वाकून राहायची, तरी तुहा नवरा झालाच ना! अन् केवढा आडदांड!” डॉक्टरांनीही फोनवर पायऱ्यांचा दोष नाही असेच सांगितले होते, पण मला हसू आले ते सासूबाईंच्या या बोलण्याने. “पण हा चिन्नोर तुम्ही माझ्या डोहाळजेवणासाठी राखला होता.” “तुह्यासाठीच राखला होता ना? तू आहेस ना घरी? मंग जेव.” आम्ही दोघी एकाच ताटात जेवलो आणि दुसऱ्या दिवशी मी शाळेत शिकवायला गेले. पुढे आम्ही नवरा-बायकोने उपचार थांबवले. नव्या चिन्नोरचा पहिला भात मात्र आजही माझ्याच ताटात पडतो. पायऱ्यांविषयी माझ्या शब्दावर विसंबू नका; आपल्या डॉक्टरांना स्वतः विचारून खात्री करून घ्या.