आई आहे ना बोटीवर!

आणि वर मलाच विचारतो, "आई, तुला क्रूझ आवडली नाही का?" अरे, बोट आवडली, जेवण आवडलं, गादी तर इतकी आवडली की उचलून साताऱ्याला न्यावीशी वाटली. पण बंदरं लागली चार, ती आईनं बघायची कुठून? मला दिलेल्या खोलीला खिडकीसुद्धा नव्हती! बोट निवडायला पोरगं तीन आठवडे लॅपटॉपला चिकटून होतं, पण बंदरावर कोण उतरणार हे आईला विचारायला त्याला तीन मिनिटं सापडली नाहीत.

हे लिहिण्याचं पान सुमितनंच मला उघडून दिलंय. म्हणाला, "आई, तुझ्या खानावळीच्या रेसिपी लिही." रेसिपी लिहीन नंतर. आधी हे लिहिते, कारण माझ्यासारख्या पुष्कळ बायका सहा महिन्यांच्या व्हिसावर इकडे मुलाकडे येतात, आणि पोरं लाडात म्हणतात, "आई, तुला क्रूझवर नेतो." त्यांनी हे वाचून मग पिशवी भरावी.

सुमित आणि सूनबाई केतकी इंग्लंडात ब्रॅकनेलला राहतात, दोघं कॉम्प्युटरच्या कंपनीत. रेवा चार वर्षांची. मी आणि आमचे हे मे महिन्यात आलो. सुमितनं तीन पर्याय काढले होते. एक नॉर्वे, एक स्पेन, आणि एक इथल्याइथे ब्रिटनला वळसा. नॉर्वे-स्पेनला आमच्यासारख्यांना वेगळा व्हिसा लागतो आणि त्याची अपॉइंटमेंट काही मिळेना. म्हणून ब्रिटनचा वळसा. साउदॅम्प्टनहून निघायचं, बेलफास्ट, ग्रीनॉक, वर ऑर्कनी बेटावरचं कर्कवॉल, मग एडिंबराजवळचं साउथ क्वीन्सफेरी आणि परत. तुम्हीही व्हिझिटर व्हिसावर असाल तर आधी हेच विचारा, बोट कुठल्या देशात थांबते. फोटो नंतर बघा.

ह्यांना विचारलं, तुमचं मत काय? तर म्हणाले, "चहा मिळतो ना?" झालं मत.

खोल्यांचेही प्रकार असतात. बाल्कनीची महाग, खिडकीची मधली, आतली बिनखिडकीची स्वस्त. सुमितनं दोन घेतल्या. बाल्कनीची त्या दोघांना, आतली आम्हाला. "आई, आतल्या खोलीत अंधार असतो, झोप मस्त लागते." आणि रेवाचा पलंग कुठल्या खोलीत? आमच्या. तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता, पण त्या खोलीत प्रकाश येणार कुठून!

ब्रॅकनेलहून साउदॅम्प्टन गाडीनं तासाभराच्या वर. बंदरावरच पार्किंग मिळतं, पण आधी ठरवलेलं बरं. मोठ्या बॅगा तिथले हमाल घेतात आणि थेट खोलीच्या दारात आणून ठेवतात. औषधं मात्र हातातल्या पिशवीत ठेवा, कारण बॅग यायला संध्याकाळ होते.

पहिला अख्खा दिवस नुसतं पाणी. ह्यांनी बुफेची जागा शोधली आणि घरचीच असल्यासारखे तिथे बसले. शाकाहारी लोकांनी घाबरू नये. आदल्या रात्री जेवणाच्या टेबलावर सांगून ठेवलं की दुसऱ्या दिवशी डाळ-भात करून देतात. डाळीला फोडणी नसते, पण गरम असते. मी मेतकूट नेलं होतं. संध्याकाळी नटूनथटून जेवायला जायचं असतं, तेव्हा मी इरकल नेसले. दोन गोऱ्या बायकांनी येऊन पदराला हात लावून बघितला. मी म्हटलं, "टच, टच, नो प्रॉब्लेम."

बेलफास्टला सकाळी बघते तर सुमित-केतकी रेनकोट घालून, पाठीला पिशव्या लावून तयार.

"आई, आम्ही येतो हं साडेचारपर्यंत."

"मी साडी बदलून आलेच," म्हटलं.

सुमित केतकीकडे बघतो, केतकी सुमितकडे. मग म्हणाला, "आई, तिकडं दगडांवरून चालायचंय. तुझे गुडघे. आणि रेवाला कुठं नेणार? तू आहेस ना बोटीवर."

म्हणजे आमची तिकिटंच काढली नव्हती! दोघांचीच सहल ठरवलेली, सगळ्या बंदरांची. रेवाला बोटीवरच्या मुलं सांभाळायच्या खोलीत ठेवायचं ठरलं होतं म्हणे, पण ती पहिल्याच दिवशी तिथे भोकाड पसरून आली होती. मग काय, आई आहे ना.

दिवसभर मी पोरीला पोहण्याच्या तळ्यातून काढत होते आणि ती परत जात होती. हे बुफेत. संध्याकाळी फोटो दाखवले. षटकोनी दगडांचे खांबच खांब, समुद्रापर्यंत. मी म्हटलं, असले दगड पन्हाळ्याजवळ पण आहेत. केतकी म्हणाली, "आई, तुम्ही ना!" अगं, पण मला स्वतः बघून नावं ठेवायची होती! फोटो बघून नावं ठेवण्यात काय मजा?

ग्रीनॉकच्या आदल्या रात्रीच मी विषय काढला. केतकी गोड बोलली, "आई, तुम्हाला दमायला होईल म्हणून आम्ही..." मी म्हटलं, कॉलेजच्या पोरांना दोन वेळा जेवू घालून माझं आयुष्य गेलं, दिवसाला शंभर भाकरी थापल्या, तेव्हा कुणी म्हणालं नाही दमशील म्हणून. सुमित म्हणाला, "बघू." बघू म्हणजे नाही. त्याचे वडीलही तसंच म्हणतात. दोघं तिथून जवळच्या ग्लासगोला गेले.

मग मी रेवाचा हात धरला आणि खाली सहलींच्या काउंटरवर गेले. तिथली मुलगी हसरी होती. मी विचारलं, "आय गो आउट? मी, बेबी. नो टूर." ती म्हणाली, "ऑफ कोर्स, माय लव्ह!" आणि पुढं भराभरा खूप बोलली. रेवानं मला समजावलं. "आजी, शी सेज, उद्या नाही, परवा. कर्कवॉलला बस फ्री आहे. तुझी कार्ड दाखवायचा." कार्ड म्हणजे खोलीची किल्ली, बोटीवर चढा-उतरायलाही तेच लागतं.

तिथेच मला एक गोष्ट कळली, ती तुम्हीही पक्की लक्षात ठेवा. बोटीकडून घेतलेली सहल उशिरा आली तर बोट थांबते. बाहेरून स्वतः ठरवलेली गाडी उशिरा आली तर बोट निघून जाते. मी रात्री सुमितला विचारलं, तुमची कुठली? म्हणाला, "बाहेरची. बोटीवाले लुटतात. व्हॅनमध्ये मोजकी माणसं असतात, छान असतं." बोटीचीच घ्या म्हणणार होते, पण माझं विचारतो कोण?

कर्कवॉलला ते दोघं जुन्या दगडांचं वर्तुळ बघायला गेले. पोरगं दगडांसाठीच जन्माला आलंय. मी ह्यांना बुफेत गाठलं. "अहो, रेवाला घेऊन गावात चाललेय. चारच्या आत येते. सुमित आला तर सांगा."

"हं," म्हणाले, तोंडात केक.

बस खरंच फुकट होती. गाव छोटं, दगडी फरशीची अरुंद गल्ली, माणसं आणि गाड्या एकाच रस्त्यावर. वारा असा की पदर जॅकेटच्या आत कोंबावा लागला. मध्यभागी लाल दगडाचं मोठं चर्च. दारात आल्यावर मी रीतीप्रमाणे बूट काढले, रेवाचे काढले, बाजूला नीट लावले आणि मोजे घालून आत गेलो. फरशी बर्फासारखी. आत इतकी शांतता की रेवासुद्धा कुजबुजत होती. म्हाताऱ्या रखवालदारानं आमच्या पायांकडे बघितलं, पण काही म्हणाला नाही, नुसती मान लववली. मी खांबाला हात लावून नमस्कार केला. कुणाचं का असेना, देवाचं घर आहे.

बाहेर आले तर आमच्या बुटांशेजारी आणखी तीन जोड! कुठलं तरी जर्मन-बिर्मन कुटुंब, आमचं बघून त्यांनीही काढले होते. बाप मोज्यांवर उड्या मारत आत चालला होता. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मग आइस्क्रीम घेतलं आणि बाकावर बसलो. शेजारी एक माझ्याच वयाची बाई विणत होती. तिनं विचारलं कुठल्या. म्हटलं, सातारा. "इज दॅट निअर डेल्ही?"

"नो," मी म्हटलं, "निअर कोल्हापूर."

तिनं मान डोलावली, जसं काही कोल्हापूर तिला माहीतच आहे. मग मी माझ्या नातीकडे आणि ती तिच्या लोकरीकडे बघत बसलो. चिप्स घेऊन धक्क्यावर गेलो तर एका पक्ष्यानं झडप घातली. रेवा ओरडली, "आजी, ते बर्ड माझी चिप घेतला!" दुसऱ्या घेऊन दिल्या. त्या दिवशी मला कुणी काही सांगितलं नाही, कुणी काही विचारलं नाही. माझं कार्ड माझ्या गळ्यात. चारच्या आत बोटीवर हजर.

बोटीवर परत यायची सगळ्यांची शेवटची वेळ पाचची. पावणेपाच झाले तरी सुमित-केतकी नाहीत. फोन लागेना. मग भोंग्यावर नावं पुकारली, अशी वाकडी की आधी मला वाटलं दुसऱ्याच कुणाची आहेत. आतापर्यंत रागात होते, पण लेक-सून परक्या बेटावर राहणार, पोर माझ्या कमरेला, आणि हे विचारतायत, "चहा घेतेस का?"

वरच्या डेकवर कठड्याला ही गर्दी. उशिरा पळत येणाऱ्यांना बघायला लोक हातात ग्लास घेऊन उभे राहतात, हा इथला तमाशाच आहे म्हणे. मी कोपर मारत पुढं गेले. तेवढ्यात लांबून एक व्हॅन आली, दोघं उतरले आणि सुटले. सुमित पुढं, केतकी मागं, तिची टोपी उडाली. रेवा टाळ्या पिटत होती, "आजी, लुक, डॅडी रेस लावतोय!"

मी ओरडले, "पळ रे सुमित्या!" आणि सगळा डेक ओरडायला लागला, "रन! रन!" दोघं आत शिरले तेव्हा लोकांनी असा गजर केला की लग्न लागल्यासारखं वाटलं.

रस्त्यात गाईंचा कळप आडवा आला होता. ऑर्कनीतल्या गाई, त्यांना बोटीची वेळ कोण सांगणार!

खोलीत आल्यावर सुमितला दम लागलेला, तरी आवाज चढवून म्हणाला, "आणि बाबा म्हणतायत तू रेवाला घेऊन बाहेर गेली होतीस! सांगायचं ना आई!"

"तू मला सांगून जातोस तसंच मी तुझ्या बापाला सांगून गेले. विचारलं नाही. तू तरी कधी विचारलंस?"

केतकी पलंगावर बसली होती, केस विस्कटलेले. हळूच म्हणाली, "आई, पळताना मला एकच आधार होता. रेवा तुमच्याजवळ आहे."

"तेच म्हणतेय मी," म्हटलं. "माझ्या जिवावर तुम्ही बेटं फिरता. मी कुणाच्या जिवावर फिरायचं?"

मग केतकीच म्हणाली, "उद्या तुम्ही आणि बाबा जा. आम्ही थांबतो रेवाजवळ."

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. सकाळी ह्यांना बुफेतून उठवून कोट चढवला. साउथ क्वीन्सफेरीला बोट धक्क्याला लागत नाही, समुद्रात थांबते आणि छोट्या होड्यांतून किनाऱ्यावर नेतात. आम्ही रांगेत पहिले. समोर तो लांबलचक लाल रेल्वेपूल अर्धा धुक्यात. आणि भोंगा वाजला. वारा फार, होड्या सोडणार नाहीत, आजचं बंदर रद्द! म्हणून सांगते, होडीनं उतरायचं बंदर असेल तर त्यावर फार भिस्त ठेवू नका. हे म्हणाले, "मग चला, नाश्ता चालू असेल अजून." मी तिथंच पुलाकडे बघत उभी राहिले. कोट काढायला माझं मनच होईना.

आता ब्रॅकनेलला येऊन दहा दिवस झाले. धुणी धुवून झाली, ह्यांचं पोट पुढं आलं. काय राहिलं म्हणाल, तर त्या चर्चची गार फरशी तळपायाला अजून लागते, आणि गळ्यात कार्ड अडकवून स्वतःच्या पायानं चाललेली ती गल्ली. बोट छानच असते, जा तुम्ही. पण खोली कुठली, जेवण कसलं याच्या आधी घरात एकच विचारा, बंदरावर कोण उतरणार?

काल सुमितनं परत लॅपटॉप उघडला. पुढच्या वर्षीची नॉर्वे, आत्ता बुक केली तर स्वस्त. "आई, येणार ना? तू असलीस की बरं पडतं." बरं पडतंच रे, मला ठाऊक आहे.

तर सुमित, तू हे वाचतोसच. मला व्हिसा काढ, मी येते. पण एक बंदर तुमचं, एक आमचं, अशी वाटणी हवी, आणि पहिलं बंदर आमचं, कारण एडिंबरा माझं बुडालंय. ज्या दिवशी आमचं बंदर, त्या दिवशी रेवा तुमच्याजवळ, मग ती तळ्यात उडी मारो की भोकाड पसरो. केतकीशी बस, ठरव, आणि येत्या रविवारी दुपारच्या जेवणाआधी मला सांग. "बघू" म्हणालास तर मी त्याचा अर्थ नाही असाच धरेन, आणि सोमवारी ह्यांना घेऊन आमची दोघांची वेगळी बोट बघायला बसेन. मग तुमच्या बोटीवर रेवाला कोण सांभाळणार, ते तुम्ही लॅपटॉपला विचारा.